फुप्फुस धड, भाता थकलेला: स्नायूंच्या आजारात श्वास अडला तर

रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेला गाडीलोहार आठवा. कोळसा चांगला, भट्टी चांगली, पण भाता ओढणाऱ्याचे हात भरून आले की निखारा विझू लागतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी), मोटर न्यूरॉन आजार, मायस्थेनिया ग्रॅव्हिस, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) अशा स्नायू किंवा त्यांच्या नसा कमजोर करणाऱ्या आजारांत श्वासाचं असंच होतं. फुप्फुस बहुतेक वेळा धड असतं. थकतो तो भाता, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला पडदा, बरगड्यांमधले स्नायू आणि खोकताना जोर लावणारे पोटाचे स्नायू. काहींच्या घशाचे स्नायूही सैल पडतात. मग लाळ गिळता येत नाही आणि ती श्वासनळीत उतरते.

तालुक्याच्या दवाखान्यात दम लागून येणारा माणूस बहुधा दम्याचा असतो, न्यूमोनियाचा असतो, नाहीतर हृदयाचा. त्यामुळे डॉक्टरांचा हात सवयीनं नेब्युलायझर आणि ऑक्सिजनकडे जातो. स्नायूंच्या आजाराचा रुग्ण त्यांच्याकडे क्वचितच येतो, म्हणून यात फार दोष देता येणार नाही. पण घरच्यांना हा फरक दोन वाक्यांत सांगता आला नाही, तर पुढचे तीन-चार तास चुकीच्या वाटेनं जातात.

ऑक्सिमीटर अर्धंच सांगतो

श्वासाची कामं दोन. ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पहिलंच काम मोजतो, दुसऱ्याचं त्याला काही कळत नाही. भाता मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. अशा वेळी नुसता ऑक्सिजन लावला तर बोटावरचा आकडा ८८ वरून ९८ वर जातो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि आत कार्बन डायऑक्साइड चढतच राहतो. काही रुग्णांत जास्तीचा ऑक्सिजन श्वासाची उरलीसुरली ओढही कमी करतो.

रात्रभर तळमळणारं पोरगं ऑक्सिजन लागल्यावर तासाभरात शांत झोपतं. बाजूला बसलेली आजी म्हणते, “झोपू द्या त्याले, रातभर जागलं लेकरू.” ही झोप आरामाची आहे की कार्बन डायऑक्साइडची गुंगी, हे ओळखायला एकच उपाय: उठवून पाहा. नाव विचारा, पाणी मागतो का पाहा. साधी झोप असेल तर तो वैतागून उत्तर देईल. गुंगी असेल तर डोळे उघडेल, अर्धवट बोलेल आणि पुन्हा कलंडेल. ते दिसलं की डॉक्टरांना तिथल्या तिथे हाक मारा. अशा वेळी रक्तातल्या वायूंची तपासणी लागते. दवाखान्यात तिला ‘ब्लड गॅस’ किंवा ‘एबीजी’ म्हणतात. त्यात कार्बन डायऑक्साइडचा आकडा साधारण ३५ ते ४५ असावा. तो ४५ च्या वर असेल तर भाता कमी पडतोय. ५०-६० कडे चाललाय आणि पीएच, म्हणजे रक्ताच्या आम्लतेचा आकडा, ७.३५ च्या खाली गेलाय, तर श्वासाला यंत्राचा आधार द्यायला उशीर होतोय.

याचा अर्थ ऑक्सिजन नाकारायचा, असा अजिबात नाही. आकडा फार खाली गेला असेल, ओठ निळे पडले असतील तर ऑक्सिजन द्यायलाच हवा. ऑक्सिजनच्या कमतरतेनं माणूस काही मिनिटांत जातो. पण त्याच्यासोबत भाता ओढणारं काहीतरी हवं: बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र), अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) किंवा व्हेंटिलेटर. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णाला, तपासणी होईपर्यंत, ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ मध्ये राहील इतकाच ऑक्सिजन द्यायची पद्धत आहे. अशा रुग्णाचा आकडा शंभराला टेकवून समाधान मानू नये.

मण्यारीचं उदाहरण द्या

विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात ही गोष्ट समजावायला एक सोपी वाट आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. सकाळी त्याच्या पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वास थांबतो. तिथे फुप्फुसाला काहीच झालेलं नसतं. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप विषानं तोडलेला असतो. कापसावरच्या फवारणीत ऑरगॅनोफॉस्फरसची विषबाधा झालेल्या काहींचे श्वासाचे स्नायू दोन-चार दिवसांनी ढिले पडतात, तोही याच जातीचा प्रकार. या दोन्हींत माणूस अँब्यू बॅग आणि व्हेंटिलेटरवर तगतो, हे इथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य असं बोला: “याला दमा नाही. मण्यार चावल्यावर श्वासाचे स्नायू जसे ढिले पडतात, तसा याचा आजार आहे. फक्त ऑक्सिजनवर भागणार नाही, श्वासाला जोर द्या.” आजाराच्या लांबलचक नावापेक्षा हे लवकर पोचतं.

निघायचं कधी

दम्याचा रुग्ण धापा टाकतो, नाकपुड्या फुगवतो, खांदे उडवतो. आपल्या रुग्णाच्या स्नायूंत तेवढा जोरच नसतो. त्यामुळे तो शेवटपर्यंत ‘बरा दिसतो’, आणि फसगत इथेच होते. पाहायचं ते वेगळं: तो एका दमात किती शब्द बोलतो? आधी पूर्ण वाक्य बोलायचा आणि आता तीन शब्दांनी थांबतो का? आडवं केलं की गुदमरतो का? श्वास घेताना छाती वर येते आणि पोट आत जातं का? पोट आत जाणं म्हणजे मधला पडदा काम सोडतोय.

घरी करता येण्यासारखी एक मोजणी आहे. पूर्ण श्वास भरून घ्यायचा आणि एकाच दमात मोठ्यानं आकडे मोजायचे, सेकंदाला साधारण दोन. धडधाकट माणूस पन्नासच्या आसपास जातो. रुग्णाची बरी असतानाची संख्या भिंतीवर लिहून ठेवा. समजा ती २८ आहे आणि आज १८ वर आली, तर गडबड आहे. पंधराच्या खाली गेला तर वाट पाहू नका. ज्याची जीभच जड झाली आहे, त्याच्यासाठी ही मोजणी कामाची नाही.

खोकला हा दुसरा निकष. सर्दी झाली, कफ घशात घरघरतोय आणि खोकून बेडका सुटत नाही, तर ताप नसला तरी हा धोकाच आहे. स्नायूंच्या आजारात बरेचदा माणूस न्यूमोनियाच्या आधी साचलेल्या कफानंच अडतो. ऑक्सिजनचा आकडा एरवी ९७ असलेल्या रुग्णाचा ९५ च्या खाली उतरला, तर कफाची गुठळी अडकली असेल किंवा श्वास उथळ झाला असेल. कफ काढून, बायपॅप लावून तासाभरात तो वर आला नाही, तर निघा. आकडा वाचताना बोट गरम आणि स्थिर असू द्या, नेलपॉलिश पुसा. थंडीच्या दिवसांत गार बोटावर यंत्र काहीही दाखवतं.

सकाळी डोकं दुखणं, रात्री दहा वेळा कूस बदलून मागणं, दिवसा पेंगणं, जेवताना दमून ताट सरकवणं या खुणा आठवडे-महिने आधी येतात. त्या तातडीच्या नाहीत, पण त्या दिसल्या की पुढच्या ओपीडीला श्वासाची ताकद मोजून घ्या. तातडीची वेळ अनेकदा त्यानंच टळते.

गाडी येईपर्यंत

रुग्णाला टेकून बसतं करा. मधला पडदा कमजोर असेल तर आडवं केल्यावर पोटातला सगळा भार त्याच्यावर येतो. याला एक अपवाद आहे. एसएमएच्या लहान बाळांत बरगड्यांचे स्नायू जास्त कमजोर असतात आणि पडदा त्यामानानं बरा. त्यांना कित्येकदा आडवं ठेवल्यावरच श्वास सोपा जातो. आपल्या बाळाला काय मानवतं ते आईला माहीत असतं. स्ट्रेचरवरचा माणूस उलटं सांगू लागला तर तिनं ठामपणे बोलावं.

आधी कफ, मग बायपॅप, हा क्रम लक्षात ठेवा. तोंडात लाळ-कफ भरलेला असताना मास्क बांधला तर यंत्राची हवा तोच कफ आत ढकलते. सक्शन मशीन असेल तर नळी दर खेपेला दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. मग हातानं खोकला काढायचा. अँब्यू बॅगनं दोन-तीन श्वास एकावर एक भरायचे, रुग्णानं ते दाबून धरायचे. “खोक” म्हणताच दुसऱ्यानं दोन्ही तळहात बरगड्यांखाली ठेवून पोट आत-वर ढकलायचं. जेवणानंतर तासभर तरी हे करू नका, उलटी होते. हे फिजिओथेरपिस्टकडून आधी शिकून घ्यावं लागतं. गाडीच्या हॉर्नचा आवाज ऐकत पहिल्यांदा करून पाहायची ही गोष्ट नव्हे.

श्वास फारच मंदावला, ओठ निळे पडले तर अँब्यू बॅग. हनुवटी वर, मास्क नाक-तोंडावर घट्ट. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, मुलाला दर तीन सेकंदांनी. छाती उचललेली दिसली की पुरे. सगळी बॅग पिळली तर हवा पोटात जाते आणि उलटी येते. माणूस स्वतः श्वास घेत असेल तर त्याच्या श्वासासोबत दाबा, त्याच्या विरुद्ध नाही. घरात दोघांना तरी हे यायला हवं, कारण एकाचे हात दहा मिनिटांत दुखायला लागतात.

१०८ ला फोन करताना गाव, तालुका आणि ओळखीची खूण आधी सांगा. मग सांगा, “श्वासाचे स्नायू निकामी होत आहेत, व्हेंटिलेटरची गाडी हवी.” महाराष्ट्रात २०१४ पासून चालणाऱ्या या सेवेत दोन प्रकारच्या गाड्या आहेत. एकीत प्राथमिक सोय असते, दुसरीत व्हेंटिलेटरसह प्रगत सोय. प्रगत गाडी लांब असेल तर आधी जवळची गाडी घ्या आणि वाटेत कुठे गाडी बदलता येईल का ते विचारा. घरचा बायपॅप, त्याचा मास्क, नळी, वायर आणि एक्सटेन्शन बोर्ड उचलायला विसरू नका. दवाखान्यात बायपॅप असला तरी रुग्णाच्या तोंडाला बसणारा मास्क असेलच असं नाही.

अंतराचा हिशेब मात्र आधीच करायला हवा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मेळघाटातल्या घाटातून रात्री गाडी उतरवणं म्हणजे काय, ते धारणीच्या माणसाला सांगायला नको. अशा ठिकाणच्या रुग्णाला पावसाळ्यात सर्दी झाली, तर दम लागायची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी उजेडात तालुक्याला किंवा जिल्ह्याला नातेवाइकांकडे नेऊन ठेवावं. घरातल्यांना ते जरा जास्तीचं वाटेल. वाटू द्या.

बरं असतानाच एक दिवस काढून जवळच्या उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात तीन गोष्टी विचारून या: रात्री ब्लड गॅस होते का, बायपॅप आहे का, आयसीयूत व्हेंटिलेटर चालवणारा डॉक्टर रात्री असतो का. तीनपैकी दोन उत्तरं ‘नाही’ असतील तर तिथे फक्त स्थिर करून घ्यायचं आणि पुढे निघायचं. नागपूरचं मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, सेवाग्राम, सावंगी, किंवा अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियातलं मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल ते. निघण्यापूर्वी तिथे फोन करायला डॉक्टरांना सांगा. रेशनकार्ड आणि आधार पिशवीत हवंच, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतं.

कॅज्युअल्टीत काय बिनसतं

पहिली चूक नेब्युलायझरची: छातीत शिट्टी नसताना तो चालू करून अर्धा तास वाट पाहणं. दुसरी चूक जास्त महागात पडते. रुग्ण मास्क ओढतो, घाबरतो, म्हणून झोपेचं इंजेक्शन देतात. हवा कमी पडणारा माणूस घाबरणारच. त्या इंजेक्शननं घाबरणं थांबतं आणि श्वासही. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांनाही हेच लागू. तिसरी, एक्स-रे किंवा सीटीसाठी सपाट झोपवणं. एक्स-रे बसूनही निघतो, तसं सांगा.

बायपॅपमध्येही गफलती होतात. झोपेत घोरणाऱ्यांसाठीचं सीपॅप एकाच दाबानं हवा सोडतं. ते वाट मोकळी ठेवतं, पण भाता ओढत नाही. आपल्याला आत घेताना जास्त आणि सोडताना कमी असा दोन पातळ्यांचा दाब हवा. वर मिनिटाला ठरावीक श्वास यंत्रानं स्वतःहून द्यायची सोय हवी. यंत्रावर ती ‘एसटी’ या नावानं असते. आणि मास्क नीट पाहा: घरच्या एकनळी यंत्राच्या मास्कला किंवा नळीला हवा बाहेर जायची बारीक भोकं असतात. आयसीयूतल्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरचा मास्क बिनभोकाचा असतो. गडबडीत बिनभोकाचा मास्क घरच्या यंत्राला जोडला, तर माणूस स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढत बसतो. मास्कजवळ हाताचा तळवा धरा. सतत बारीक झुळूक लागली पाहिजे.

यासाठी एक कागद तयार ठेवा. इंग्रजीत, टाइप केलेला, प्लास्टिकमध्ये घातलेला. एक प्रत व्हीलचेअरच्या मागच्या खिशात, एक बायपॅपच्या पिशवीत. त्यावर आजाराचं नाव, वजन, बरं असतानाचा ऑक्सिजनचा आकडा, बायपॅपचा मोड आणि दाब, रोजची औषधं, टाळायची औषधं आणि तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचा फोन. जुनी फाइल कितीही जाडजूड असली तरी रात्री दोन वाजता ती कोणी उघडत नाही.

टाळायची औषधं आजारागणिक वेगळी. मायस्थेनियात जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन ही नेहमीची अँटिबायोटिक्स आणि शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम ताकद आणखी खेचू शकतं. यातली बरीच तालुक्यात सर्दी-तापाला सहज लिहिली जातात, म्हणून हे ओपीडीतसुद्धा सांगायचं. विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा मायस्थेनियाच्या रुग्णाला आधीच ढिला करून ठेवतो, त्यात असं इंजेक्शन पडलं की संध्याकाळपर्यंत पापण्या मिटतात.

ड्युशेनच्या मुलाला भूल द्यायची किंवा श्वासनळीत नळी घालायची वेळ आली तर स्नायू ढिले करणारं सक्सिनिलकोलीन नको, आणि ओढून घ्यायचे भुलीचे वायू नकोत. यांनी पोटॅशियम उसळून हृदय थांबू शकतं. ही मुलं स्टेरॉइडवर असतात. उलट्यांमुळे गोळी पडली नाही तर डॉक्टरांना लगेच सांगा, तो डोस इंजेक्शननं द्यावा लागतो आणि आजारपणात वाढवावाही लागतो. एसजीओटी, एसजीपीटी हे रक्ततपासणीतले आकडे या मुलांत कायम वाढलेले असतात, ते लिव्हरमुळे नाही तर स्नायूंमुळे. ‘कावीळ आहे’ म्हणून वेळ जाऊ देऊ नका. आणि पडून हाड मोडल्यावर तासा-दिवसात अचानक दम लागला, गोंधळल्यासारखं झालं, तर हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात गेल्याची शंका घ्यायची. प्लास्टर घालून घरी पाठवण्यासारखी ही गोष्ट नाही.

एसएमएच्या मुलाला तासन्‌तास उपाशी ठेवू नये. स्नायूच कमी, त्यामुळे साठा कमी, साखर लवकर उतरते. ‘तोंडानं काही देऊ नका’ असं सांगितलं तर ग्लुकोजची सलाईन लावायला सांगा.

जीबीएसचं सगळ्यात वेगळं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. काल-परवापर्यंत वावरात काम करणारा माणूस, आधी पायाला मुंग्या, मग पाय जड, मग हात. घरी बायपॅप नाही, आजाराचा कागद नाही, सवय नाही. श्वास काही तासांत खालावू शकतो आणि रक्तदाब-नाडी वरखाली होते. इथे बायपॅपवर विसंबून राहणं धोक्याचं ठरतं, नळी वेळेत घालावी लागते. म्हणून पाय उचलेनासे झाले त्याच दिवशी आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवा, श्वास चांगला असला तरी.

लाइन गेली तर

बायपॅप साधारण ३० ते ६० वॅट घेतो. १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर, बाकी सगळं बंद ठेवलं तर, तो दहा-बारा तास आरामात चालतो. पण बॅटरी जुनी आणि त्यातलं पाणी आटलेलं असेल तर दोन तासही नाही. उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं, दर महिन्याला पाहा. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरचं गरम पाणी बरीच वीज खातं, लाइन गेली की ते आधी बंद करा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ३०० वॅटच्या पुढे जातो, त्याच इन्व्हर्टरवर तो चालवलात तर बायपॅपची रात्र निघणार नाही.

‘आता काही होणार नाही’

हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतं. ड्युशेनचा मुलगा व्हीलचेअरवर दिसला की काहींना वाटतं, आयसीयूत नेऊन उपयोग काय. बायपॅप आणि कफाची नीट निगा यांच्या जोरावर ही मुलं आज पंचविशी-तिशी गाठतात. न्यूमोनियात चार दिवस नळी लागलेला मुलगा पुन्हा आपल्या बायपॅपवर घरी येऊ शकतो. अट एवढीच की नळी काढल्यावर त्याला नुसत्या ऑक्सिजनवर न ठेवता थेट बायपॅपवर घ्यायचं आणि दिवसातून अनेकदा कफ काढायचा.

मोटर न्यूरॉन आजारात प्रश्न वेगळा असतो. गळ्याला भोक पाडून कायम व्हेंटिलेटरवर राहायचं का, हे रुग्णालाच ठरवायचं असतं, आणि तो बोलू शकतोय तोवर. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. घरात हा विषय काढणं जड जातं. पण रात्री स्ट्रेचरशेजारी उभं राहून थोरल्या भावानं एक आणि धाकट्यानं दुसरं सांगणं त्याहून जड.

सुट्टी देताना एक आकडा मागून घ्या: रात्रीच्या झोपेनंतर, सकाळी उठल्या उठल्या घेतलेला कार्बन डायऑक्साइड. दुपारचा ४४ आला म्हणून घरी पाठवलेल्या माणसाचा पहाटेचा ५५ असू शकतो. तसा निघाला तर बायपॅपचा दाब तिथेच वाढवून घ्या, आणि पिशवीतल्या कागदावरचा जुना आकडा खोडून नवा लिहा.